कॉफी घेऊनही झोप का येते?

महाड एमआयडीसीत रात्रपाळी करणारे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "डॉक्टर, जागं राहायला कॉफी घेतो, तरी पहाटे डुलक्या येतातच. असं कसं?"

१८१९ साली जर्मन कवी ग्योथे यांनी रूंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया दिल्या. त्याने त्यातून कॅफीन वेगळं काढलं. (कारखान्यात रसायनं हाताळणाऱ्यांना या माणसाचं कौतुक वाटायला हरकत नाही!) पण ते काम कसं करतं, याचा धागा हाती लागायला १९७० उजाडलं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचतं, त्यानेच झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, एवढंच. ॲडेनोसिन साचायचं थांबत नाही.

म्हणून रात्री दोनला घेतलेल्या कॉफीचा जोर सकाळी सातपर्यंत साधारण निम्म्यावर येतो आणि साचलेली झोप अंगावर येते. नेमकी तीच तुमची घरी निघायची वेळ. पोलादपूरकडे दुचाकी काढण्याआधी डोळे जड वाटत असतील, तर आणखी एक कप घेऊन लगेच निघू नका. कॅफीन चढायलाच अर्धा तास लागतो. कंपनीतच वीस मिनिटं पडा, मग निघा.