पाव गुंठ्याची बाग

घर आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद जागेत बाग करता येते आणि तिच्या आखणीचेही शास्त्र असू शकते, हा विचार इंग्लंडमध्ये ग्रंथरूपाने रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जॉन क्लॉडियस लाउडन (१७८३–१८४३) या स्कॉटिश उद्यानलेखकाला द्यावे लागते. ‘द सबर्बन गार्डनर अँड व्हिला कंपॅनियन’ हा त्याचा १८३८ सालचा ग्रंथ एक पर्चपासून, म्हणजे आपल्याकडच्या पाव गुंठ्यापासून, पन्नास एकरांवरच्या जागेपर्यंत सर्वांना उपयोगी पडावा अशी योजना त्याच्या लांबलचक उपशीर्षकातच नमूद आहे. उद्यानरचना ही जमीनदारांच्या विस्तीर्ण उपवनांची कला मानली जात असताना एवढ्याशा जागेची गंभीरपणे दखल घेतली गेली, ही लहान घटना नव्हे.

लाउडनने १८३२ मध्ये ‘गार्डनेस्क’ ही संज्ञा मांडली. प्रत्येक झाडाला स्वतंत्र जागा देऊन त्याचा अंगचा आकार पूर्णपणे खुलू देणारी रचना, असा तिचा अर्थ असून, जागा जितकी कमी तितका दाटीने लावण्याचा मोह अधिक असल्यामुळे ही शिस्त घरापुढच्या बागेला विशेष लागू पडते. लंडनच्या बेजवॉटर भागात त्याने स्वतःसाठी बांधलेल्या वास्तूत थोड्या जागेला मोठेपणा देण्याची दृष्टीही दिसते, कारण तेथे एकमेकांना जोडलेली दोन घरे मधल्या काचेच्या घुमटामुळे एकाच प्रशस्त बंगल्यासारखी भासतात.

पुढे १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाल्यावर काचगृहे स्वस्त झाली, त्यांत वाढवलेली जिरेनियम व लोबेलियाची रोपे हंगामापुरती वाफ्यांत मांडण्याची पद्धत पसरली आणि लाउडनचा संयम मागे पडला.

सामान्य कामगाराच्या दारापुढे मोकळी जागा आली ती मात्र फार उशिरा. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने, रेमंड अनविन या नगररचनाकाराच्या प्रभावाखाली, शहरांत एकरी बाराच घरे असावीत आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन खोल्यांत पोहोचावे म्हणून समोरासमोरच्या घरांत ७० फूट अंतर असावे अशी शिफारस केली. या अंतरातच पुढची बाग सामावली. मोटारी वाढल्यावर त्याच जागेवर फरशी आली, पाणी मुरेनासे झाले, आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये घरापुढील पाच चौरस मीटरहून अधिक जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकून तिचे पाणी रस्त्यावर सोडायचे असल्यास नियोजन परवानगी बंधनकारक झाली.