भिंतीत ब्रॅकेट बसवणे

भिंतीत ब्रॅकेट बसवणे : फळी, दूरचित्रवाणी संच, गिझर इत्यादींचा भार पेलणारा धातूचा आधार वीट, काँक्रीट ठोकळा किंवा दगडाच्या भिंतीत पक्का करण्याचे गृहकाम. भार शेवटी भिंतच पेलते. म्हणून भिंतीची जात ओळखणे हा या कामाचा मुख्य भाग होय.

इतिहास : पूर्वी खुंट्या भिंत बांधतानाच चिणत. पुढे छिन्नीने खाच पाडून लाकडी गुट्टी सिमेंटमध्ये बसवण्याची रीत आली. लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तंतूंची गिट्टी (रावलप्लग; भोकात बसवून स्क्रूला पकड देणारी नळी) प्रचारात आणली. जर्मनीतील आर्टूर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनची प्रसरणारी गिट्टी तयार केली.

भार : वीटकाम व दगडकाम दाब उत्तम सोसते, ताण फारसा सोसत नाही. उदा., मुंबईतील गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा (उद्‌घाटन २००९) सु. ८५ मी. व्यासाचा दगडी घुमट खांबांवाचून उभा आहे, कारण त्यातील दगड एकमेकांना दाबून धरतात. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू मात्र भिंतीबाहेर ओढला जातो. भिंतीपासून १५ सेंमी.वर २० किग्रॅ. भार असेल आणि वरचा स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून ३० सेंमी. उंच असेल, तर त्यावर सु. १० किग्रॅ. ओढ येते, स्क्रूची ही उंची १० सेंमी. असल्यास ३० किग्रॅ. यासाठी ब्रॅकेटचा उभा पाय लांब असावा.

भिंतींचे प्रकार : एकाच घरातही भिंती निरनिराळ्या असू शकतात; उदा., बोरिवलीच्या बाजूची गोराईची म्हाडा वसाहत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० नंतरच्या दशकात आखली गेली. भूखंडधारकांनी ऐपतीप्रमाणे घरे बांधली व पुढे मजले चढवले. त्यामुळे तेथे एकाच घरात पक्की वीट, काँक्रीट ठोकळा व अर्ध्या विटेची भिंत आढळू शकते. चाचणी-भोकातून लाल भुकटी आल्यास वीट, करडी आल्यास काँक्रीट किंवा सिमेंटचा ठोकळा समजावा; ड्रिल एकदम आत गेल्यास ठोकळा पोकळ असतो. शेजाऱ्याशी सामाईक भिंतीत आरपार भोक पाडू नये. भोक विटेत पाडावे की दरजेत (दोन विटांमधील सांध्यात), यावर कारागिरांचे एकमत नाही. जुन्या, भुसभुशीत चुन्याच्या दरजा मात्र टाळतात.

कृती : स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत वायरी असण्याचा संभव असल्याने ती जागा सोडावी व वीज बंद करावी. पाणसळीने खुणा कराव्यात. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिमी. जाड असतो व त्यात पकड नसते. गिट्टी पूर्ण विटेत गेली पाहिजे. ८ मिमी. व्यासाच्या, ४० मिमी. लांब गिट्टीसाठी ८ मिमी. बिटाने, गिलाव्यासह सु. ६५ मिमी. खोल भोक पाडावे. पोकळ ठोकळ्यात ड्रिलची हॅमर (ठोके देण्याची) क्रिया बंद ठेवावी. भुकटी फुंकून व ब्रशने काढावी. ती राहिल्यास गिट्टी धरत नाही. स्क्रूची लांबी गिट्टी, गिलावा व ब्रॅकेटची जाडी यांच्या बेरजेहून थोडी अधिक घ्यावी. भरीव काँक्रीटमध्ये जड भारासाठी अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुलणारा धातूचा बोल्ट) वापरतात. विटेच्या कडेजवळ तो आवळल्यास वीट फुटते. [→ गिलावा].

गंज : खाडी व समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो, फुगतो आणि गिलावा उडवतो. उघड्या जागी, विशेषतः बाल्कनीत, ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे.

छत : छताला ब्रॅकेट बसवण्यासाठी वेगळी पद्धत लागते.

दोष : गिट्टी भोकात फिरत असल्यास काड्या ठोकून स्क्रू आवळण्याची सवय घातक आहे. असा स्क्रू घट्ट वाटला तरी भार धरत नाही. जुने भोक सिमेंटने बुजवून अखंड विटेत नवे पाडावे.