आसवं पुसणाऱ्या पन्नास जणी

कुठे पूर आला, भूकंप झाला की आपल्या गावांतून वर्गणी निघते. धान्य, कपडे, रोख, जमेल ते आपण देतो. महिना-दोन महिन्यांत विषय मागे पडतो. पण जिचं सगळं घरच मारलं गेलं, तिला मदत किती वर्षं लागते? आणि त्या पैशाचं काय करायचं हे कोणी ठरवायचं? आज आम्ही आफ्रिकेतल्या रवांडा देशातल्या बायकांचा इतिहास सांगणार आहोत. या प्रश्नांची उत्तरं त्यांना स्वतःच शोधावी लागली.

रवांडा हा डोंगराळ, शेतीवर जगणारा लहानसा देश. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन मोठे समाज. भाषा एक, गावं एक. बेल्जियमच्या राजवटीत प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज लिहिला जाऊ लागला आणि भेद पक्का झाला. ७ एप्रिल १९९४ पासून साधारण १०० दिवसांत, कट्टर हुतू राज्यकर्त्यांच्या चिथावणीने, सैनिक, टोळ्या आणि शेजारीसुद्धा तुत्सींवर तुटून पडले. आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. या हत्यांना विरोध करणारे हुतूही त्यांत होते. एखादा समाज समूळ संपवण्यासाठी केलेल्या अशा हत्याकांडाला वंशसंहार म्हणतात. आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून हेही सांगायला हवं. तिथल्या एका रेडिओ केंद्रावरून तुत्सींना 'झुरळं' म्हटलं जाई. कोणाला मारायचं, त्यांची नावंही वाचून दाखवली जात.

जुलैमध्ये कत्तल थांबली. मागे राहिल्या विधवा आणि अनाथ मुलं. घरं जळालेली, माणसांना अजून माती द्यायची राहिलेली. असंख्य बायकांवर बलात्कार झाले होते. अशा स्थितीत जानेवारी १९९५ मध्ये पन्नास विधवा एकत्र आल्या आणि त्यांनी 'अवेगा आगाहोझो' ही संघटना काढली. आगाहोझो या शब्दाचा अर्थ आसवं पुसणं, सांत्वन करणं. एकमेकींचं ऐकून घेणं, अनाथ मुलं सांभाळणं, डोक्यावर छप्पर उभं करणं, अशी त्यांच्या कामाची सुरुवात झाली.

मग प्रश्न आला पैशाचा. १९९७ मध्ये मूळच्या रवांडाच्या मेरी कायितेसी ब्लुइट यांनी ब्रिटनमध्ये 'सर्व्हायव्हर्स फंड' सुरू केला. त्यांचे स्वतःचे सुमारे पन्नास नातेवाईक मारले गेले होते. तिकडे निधी गोळा करायचा आणि रवांडातल्या वाचलेल्यांच्या संघटनांना द्यायचा, अशी या कामाची रीत. १९९८ मध्ये रवांडा सरकारनेही कायदा करून वेगळा निधी उभारला आणि आपल्या वर्षाच्या उत्पन्नातले ५ टक्के त्यात घालायचं ठरवलं. त्यातून मुलांच्या फिया, दवाखाना आणि घरं यांवर खर्च होऊ लागला. हे उपकार नव्हते, देणं होतं.

पण कुठे पैसा पोचतो आणि कुठे नाही, ते पाहा. संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशा शहरात खटले चालवले. ताबा नावाच्या भागातल्या बायकांनी तिथे जाऊन साक्ष दिली. त्यामुळे २ सप्टेंबर १९९८ रोजी तिथला प्रमुख अधिकारी झां-पॉल अकायेसू दोषी ठरला. बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा भाग असू शकतो, असा निकाल जगात पहिल्यांदा लागला. त्या खंडपीठावर नवी पिल्ले या भारतीय वंशाच्या न्यायाधीश होत्या. मात्र अत्याचार झालेल्या कितीतरी बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती. तुरुंगातल्या आरोपींना त्यावरची औषधं मिळत होती आणि साक्ष देणाऱ्या बायकांना कित्येक वर्षं मिळत नव्हती. काही जणी वाट पाहतच गेल्या. वाचलेल्यांच्या संघटनांनी हा अन्याय जगापुढे मांडला, निधी मागितला. पुढे अवेगाच्या दवाखान्यांतून उपचार सुरू झाले.

जमिनीचंही तसंच. नवरा, बाप, भाऊ गेले, पण रूढीप्रमाणे जमीन बाईकडे येईना. महिला संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या कायद्याने मुलीला मुलाइतका वारसाहक्क मिळाला. सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी हेलपाटे मारणाऱ्या आपल्या मैत्रिणींना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, जिवंत माणसांना औषध नसताना स्मारकांवर खर्च कशाला? तिथल्या बायकांनी मदत आणि आठवण यांत निवड केली नाही. किगाली शहरातलं स्मारक २००४ मध्ये खुलं झालं. तिथे सुमारे अडीच लाख माणसांना माती दिलेली आहे. न्यामाताच्या चर्चमध्ये मारल्या गेलेल्यांचे कपडे बाकांवर ठेवले आहेत. ज्यांच्या घरात एक फोटोही उरला नाही, त्यांना आपलं माणूस आठवायला एवढी एकच जागा आहे. शिवाय 'असं काही झालंच नाही' म्हणणारे आजही आहेत, त्यांना उत्तर द्यायला पुरावा लागतो. दरवर्षी ७ एप्रिलपासून तिथे स्मरणाचे दिवस पाळतात. त्याला 'क्विबुका' म्हणतात, म्हणजे आठवण ठेवणं.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी आपल्या गटात मदतनिधीचा विषय निघेल, तेव्हा ठराव लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारू या. पैसा कशावर खर्च व्हावा, हे ज्यांच्यावर बेतलं त्या बायकांना विचारलं का? पहिल्या वर्षानंतर काय? आणि गेलेल्यांची नावं कुठे लिहून ठेवली जाणार आहेत का? आपली वर्गणी शंभर रुपयांची असली तरी हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पुढच्या बैठकीत यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.