ख्रिस्ताचा वाटा

विधवांचा निर्वाह, अनाथांचं शिक्षण, गरीब मुलींची लग्नं आणि अलीकडे संसारात अडचणीत आलेल्या जोडप्यांचं समुपदेशन, अशी कुटुंबांसाठीची कामं चर्च पूर्वीपासून करत आलं आहे. या कामांसाठी एक कायम निधी असावा, त्याच्या मुद्दलाला हात न लावता व्याजावर काम चालावं आणि हा निधी लोकांच्या मृत्युपत्रांतून जमत जावा, ही पद्धत आज अगदी अंगवळणी पडली आहे. वार्षिक सभेत अहवालाच्या शेवटच्या पानावर तिचा आकडा येतो आणि कोणी प्रश्न विचारत नाही. जन्माच्या वेळी मात्र तिच्याबद्दल प्रश्नच प्रश्न होते. माझं म्हणणं असं की ही पद्धत देणाऱ्यांच्या भक्तीवर उभी राहिली खरी, पण टिकली ती देणाऱ्याच्या स्वतःच्या घरच्यांचा हक्क आधी मानला गेला म्हणून. हा क्रम उलटला तेव्हा राज्यकर्त्यांना मध्ये पडावं लागलं, आणि त्यांनी घातलेले निर्बंध मग सरसकट सगळ्यांनाच जाचले.

पहिल्या तीन शतकांत हे काम निधीविना चालत होतं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा तर्तुलियन सांगतो की प्रत्येक जण महिन्यातून एकदा ऐपतीप्रमाणे पेटीत टाकतो आणि त्यातून अनाथ मुलं, म्हातारी माणसं, गरिबांची दफनं यांचा खर्च भागतो. इ.स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या पत्रात आपली मंडळी पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते असा उल्लेख आहे. छळाच्या काळात, जिचं अस्तित्वच बेकायदा अशा संस्थेने एवढी माणसं पोसणं ही लहान गोष्ट नव्हे. पण पेटीतली रक्कम साथीच्या वर्षी किंवा छळाच्या वर्षी आटते, आणि नेमकी त्याच वर्षी विधवांची संख्या वाढते. ही अडचण वर्गणीने सुटणारी नव्हती. इ.स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने मरताना कोणालाही आपली मालमत्ता चर्चला ठेवण्याची मोकळीक दिली, तेव्हा ती सुटण्याची वाट दिसली. पुढे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या कायद्याने तर असंही ठरवलं, की एखाद्याने मृत्युपत्रात वारस म्हणून केवळ ख्रिस्ताचं नाव लिहिलं असेल, तर ती मालमत्ता त्याच्या गावच्या चर्चला मिळावी.

मोकळीक मिळाली तसा तिचा गैरवापरही सुरू झाला. पन्नास वर्षांच्या आत, इ.स. 370 मध्ये, सम्राट व्हॅलेंटिनियनला धर्मगुरूंनी विधवांच्या घरी फेऱ्या घालू नयेत आणि त्यांच्याकडून देणग्या किंवा वारसा घेऊ नये असं फर्मान काढावं लागलं. यावर संत जेरोमची प्रतिक्रिया बोलकी आहे. कायद्याबद्दल त्याची तक्रार नव्हती; आपण तो ओढवून घेतला याची त्याला खंत होती. खरं उत्तर मात्र उत्तर आफ्रिकेतून आलं. मुलाला बेदखल करून चर्चला वारस नेमणाऱ्याने ते स्वीकारायला दुसरा कोणी शोधावा, ऑगस्टीन ते घेणार नाही, असं हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने तिथल्या लोकांना प्रवचनात स्पष्ट सांगितलं. आपल्याच मठातल्या एका धर्मगुरूने मुलगा आणि मुलगी असताना चर्चच्या नावे केलेली मालमत्ता त्याने नाकारली. कार्थेजच्या बिशप ऑरेलियसचं उदाहरणही तो देतो. एका निपुत्रिकाने सर्वस्व चर्चला दिलं, पुढे त्याला मुलं झाली, आणि ऑरेलियसने न मागता सगळं परत केलं. दानाला ऑगस्टीनचा विरोध होता असं मात्र नाही. त्याचा हिशेब वेगळा होता: ख्रिस्ताला मुलांमध्ये आणखी एक मूल म्हणून मोजा. दोन मुलं असतील तर तीन वाटे करा. पुढच्या सोळाशे वर्षांत या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण इतकं साधं आणि न्याय्य गणित मला दुसरं दिसत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप मानववंशशास्त्रज्ञ जॅक गुडी यांचा आहे. 1983 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की जवळच्या नात्यातली लग्नं, दत्तक, विधवेचा पुनर्विवाह या वारस मिळवण्याच्या वाटा चर्चने एकेक करून बंद केल्या किंवा अवघड केल्या, आणि बिनवारस राहिलेली इस्टेट आपोआप चर्चच्या पदरात पडू लागली. म्हणजे कुटुंबाला मदत करणारं चर्च मुळात कुटुंबाचा वारसा कापूनच श्रीमंत झालं. आक्षेपात तथ्य आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चकडे किती जमीन साठली होती ते पाहिलं की तो झटकून टाकता येत नाही. पण हा हेतुपुरस्सर डाव होता हे त्यातून सिद्ध होत नाही. तसं असतं तर 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेत, पोपची सत्ता शिखरावर असताना, लग्नाला निषिद्ध नात्यांची मर्यादा सातव्या पिढीवरून चौथ्या पिढीवर आणण्याचं कारण नव्हतं. परिणाम झाला म्हणून हेतू होताच असं म्हणणं घाईचं ठरेल.

मृत्युपत्रातला पैसा खऱ्या अर्थाने परक्या कुटुंबांकडे वळला तो सामान्य ख्रिस्ती लोकांच्या बंधुसंघांच्या हातून. 1460 मध्ये कार्डिनल हुआन दे तोर्केमादा यांनी रोममध्ये गरीब मुलींना हुंडा देणारा आनुंझियाता बंधुसंघ स्थापला. 1590 मध्ये जेमतेम तेरा दिवस पोपपदावर राहिलेल्या सातव्या अर्बनने आपली खासगी संपत्ती याच संघाला मुलींच्या हुंड्यांसाठी ठेवली. लिस्बनमध्ये 1498 च्या ऑगस्टमध्ये राणी लेओनोरच्या आश्रयाने मिझेरिकॉर्डिया हा बंधुसंघ स्थापन झाला. त्याच वर्षी वास्को द गामा कालिकतला पोहोचला होता, आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर ही संस्थाही गोव्यात आली. गोव्याच्या मिझेरिकॉर्डियाकडे अनाथ मुली आणि एकट्या पडलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहांचा कारभार होता. पण तिचं दुसरं काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आशियात मरण पावलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता ती पोर्तुगालमधल्या त्यांच्या वारसांपर्यंत पोहोचवत असे. मृताच्या घरच्यांचं जी संस्था घरच्यांना पोहोचवते, तिलाच थोडं आपलंही ठेवावं असं मरणाऱ्याला वाटणं स्वाभाविक आहे. या कामाला काळी बाजूही होती. मुलगी ‘सुशील’ आहे की नाही हे देणारे ठरवत, आणि आश्रयगृहात राहण्याची केवळ मोकळीक नव्हे, सक्तीही असू शकत होती. आजच्या चर्चने त्या काळाकडून पद्धत घ्यावी, नजर घेऊ नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: पैसा कायमचा अडकवायचाच कशाला? आज गरज आहे तर आज खर्च करावा. शिवाय मेलेल्या माणसाची अट जिवंतांवर का लादावी? इंग्लंडच्या 1601 च्या धर्मादाय कायद्याने मान्य केलेल्या कामांत अनाथांच्या शिक्षणाबरोबर गरीब मुलींची लग्नंही आहेत. आपल्याकडे 1961 पासून हुंडा हा गुन्हा आहे. उद्देश असे कालबाह्य होतात हे खरं. पण त्यावर उपाय आहे. महाराष्ट्रातल्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मूळ हेतू पार पाडणं अशक्य झाल्यास निधी त्याच्या जवळच्या हेतूकडे वळवण्याची सोय आहे, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पेटीतल्या वर्गणीला यातलं काहीच लागू करता येत नाही. ती येते आणि जाते. विधवेच्या पोराला शाळेत दहा वर्षं जायचं असतं, त्याला यंदाच्या उदारपणाचा काय उपयोग?

राज्यकर्त्यांनी घातलेले निर्बंध मात्र अनेकदा आंधळे ठरले. 1736 मध्ये इंग्लंडने मृत्युशय्येवरच्या दानांच्या भीतीने धर्मादायासाठी जमीन देण्यावर कडक बंधनं आणली. त्याच भीतीची सावली भारतातल्या 1865 च्या वारसा कायद्यात आणि पुढे 1925 च्या कायद्याच्या कलम 118 मध्ये पडली. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचं कोणी हयात असेल, तर धार्मिक वा धर्मादाय कामासाठीचं मृत्युपत्र मरणाआधी किमान 12 महिने केलेलं आणि केल्यापासून 6 महिन्यांच्या आत अधिकृत ठिकाणी जमा केलेलं असावं लागे. व्यवहारात हे बंधन मुख्यतः ख्रिस्ती लोकांवरच होतं. 1991 मध्ये पारशांनाही त्यातून वगळण्यात आलं. मृत्युपत्र केल्यावर अकराव्या महिन्यात अपघाताने मेलेल्याचं दान रद्द, आणि त्याच्या भाच्याला गरज असो वा नसो, वारसा त्याला. केरळमधले धर्मगुरू जॉन वल्लामट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हे कलम समानतेच्या हक्काचा भंग करणारं म्हणून रद्द केलं, ते योग्यच झालं.

गोव्याची पोर्तुगीज परंपरेतून आलेली रीत मला या सगळ्यांत शहाणपणाची वाटते. तिथे देणाऱ्याच्या मनाविषयी संशय घेतला जात नाही की मरणाची तारीख मोजली जात नाही. मुलं असतील तर मरणाऱ्याच्या वाट्याच्या मालमत्तेतली अर्धी त्यांच्यासाठी राखीव असते, आणि उरलेली अर्धी त्याने चर्चला, शाळेला किंवा शेजाऱ्याला, हवी त्याला द्यावी.