तार गावात, अंधार घरात

विजेचा इतिहास बहुधा धरणे, वीजकेंद्रे आणि मेगावॅट यांच्या हिशेबाने लिहिला जातो. मला तो वेगळ्या बाजूने तपासावासा वाटतो. गरिबाच्या घरी वीज पोहोचायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर सरकार काय मोजत होते यात बरेचसे सापडते.

1965 ते 1967 या दुष्काळी वर्षांनंतर धान्योत्पादन हा देशापुढचा पहिला प्रश्न झाला. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि विहिरींवरच्या पंपांना वीज देण्यावर भर आला. ते गरजेचेच होते. पण पंप जमीनवाल्याचा. भूमिहीनाच्या झोपडीला त्यातून दिवा मिळाला नाही. त्या काळच्या व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. शिवारात एक पंप चालू झाला तरी पुरे!

1997 मध्ये ‘महसुली हद्दी’च्या जागी ‘वस्ती’ आली. 2004 मध्ये किमान 10 टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, असे ठरले. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली, तरी कागदावर गाव उजळलेलेच. 2001 च्या जनगणनेत ग्रामीण भागातील केवळ 43.5 टक्के घरांत विजेचा दिवा होता. खेडी मात्र तोवर दहापैकी आठांहून अधिक विद्युतीकृत म्हणून नोंदली गेली होती.

तार दारावरून जात असताना घरात का येत नव्हती? रोज अर्धा लिटर, पाव लिटर रॉकेल आणणाऱ्या मजुराला अनामत, मीटर, जोडणीची तार आणि घरातले फिटिंग यांचे पैसे एकरकमी काढणे जमत नसे. महिन्याच्या बिलाआधीच हा उंबरठा आडवा येई. 1988-89 च्या कुटीरज्योती योजनेने गरीब कुटुंबांना एका दिव्याची जोडणी देऊन तो ओलांडायचा प्रयत्न केला. 2005 च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेने दारिद्र्यरेषेखालील घरांची जोडणी मोफत केली. सप्टेंबर 2017 च्या सौभाग्य योजनेने त्यापुढचे पाऊल टाकले: गरिबांना मोफत, इतरांना 500 रुपयांत आणि तेही बिलासोबत दहा हप्त्यांत. माझ्या मते या योजनेचे मर्म त्या हप्त्यांत आहे. यावेळी मोजायचे एकक गाव नव्हते, घर होते. मार्च 2021 पर्यंत सुमारे 2.8 कोटी घरे जोडली गेली.

जोडणीनंतर प्रश्न येतो बिलाचा. 2005 च्या राष्ट्रीय वीज धोरणाने प्रत्येक घरास रोज किमान एक युनिट हे उद्दिष्ट मानले होते. एका युनिटवर 60 वॅटचा जुना बल्ब साधारण सतरा तास जळतो, तर 9 वॅटचा एलईडी एकशे अकरा तास. सरकारी घाऊक खरेदीत या दिव्याची किंमत 2014 च्या सुमारे 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आली. गरिबाचे बिल हलके करण्यात या स्वस्त दिव्याचा वाटा मोठा आहे.

आता छतावरच्या सौरऊर्जेची पाळी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य असून अनुदान 78,000 रुपयांपर्यंत आहे. पण त्यासाठी स्वतःचे पक्के छत लागते आणि उरलेली रक्कम उभी करावी लागते. चाळीतला भाडेकरू, पत्र्याच्या खोलीतला कामगार यांच्यापुढे तोच जुना उंबरठा नव्या रूपात उभा आहे. किती छतांवर पॅनेल बसले एवढेच मोजत राहिलो, तर पंप मोजण्याच्या काळातली चूक पुन्हा होईल. त्यातली किती घरे भाडेकरूंची व हातावर पोट असणाऱ्यांची, आणि थकबाकीपोटी किती घरांची वीज तोडली गेली, हे आकडेही दरवर्षी त्याच तक्त्यात यायला हवेत.