लोहाच्या पोटात दडलेले कोबाल्ट

कुरणात गुडघाभर हिरवे गवत आहे, पाणी मुबलक आहे, आणि तरीही मेंढ्या खंगून मरत आहेत. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत वसाहतवाल्यांना हा अनुभव वारंवार येई. जनावरे चरेनाशी होत, त्यांचे रक्त पातळ होई आणि काही महिन्यांत हाडांचा सापळा उरे. तीच जनावरे दुसऱ्या भागातील ‘निरोगी’ जमिनीवर नेली की मात्र सुधारत. म्हणजे हा रोग संसर्गाचा नव्हता. दोष जमिनीत होता.

जनावरे पंडुरोगी दिसत, म्हणून बी. सी. अ‍ॅस्टन या रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोहाच्या कमतरतेचे निदान केले. लिमोनाइट हे लोहखनिज चाटायला देताच जनावरे बरी होऊ लागली. निदानाला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

पश्चिम ऑस्ट्रेलियातील डेन्मार्क या गावाच्या परिसरात असाच रोग होता. तेथे एरिक अंडरवुड आणि जे. एफ. फिल्मर यांना हा पुरावा खटकला. गुण येण्यासाठी लोह अवाच्या सवा द्यावे लागे. शिवाय एक लोहखनिज उपयोगी पडे, तर दुसरे तितकेच लोह असूनही कुचकामी ठरे. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे आजारी जनावरांच्या यकृतात लोहाचा तुटवडा नव्हताच, उलट साठा होता! तेव्हा दोघांनी लिमोनाइटचा अर्क काढून त्यातून लोह वगळले आणि तो लोहविरहित अर्क मेंढ्यांना पाजला. मेंढ्या बऱ्या झाल्या. हा प्रयोग वर्गात सांगताना येथे क्षणभर थांबावे आणि पुढे काय करायचे ते विद्यार्थ्यांना विचारावे. अर्काचे भाग पाडत पाडत दोघे 1935 मध्ये कोबाल्टपाशी पोहोचले. ते लिमोनाइटमधील निव्वळ भेसळ होते! त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन, लाइन्स आणि थॉमस हेही किनाऱ्यावरच्या वाळवंटी कुरणांतील मेंढ्यांवर काम करून स्वतंत्रपणे कोबाल्टपर्यंत आले होते. मेंढीला दिवसाला एखादा मिलिग्रॅम कोबाल्ट पुरे होई.

पण नवेच कोडे उभे राहिले. तोंडावाटे दिलेले कोबाल्ट गुणकारी, तर तेच टोचून दिले तर फारसा उपयोग होईना. याचा उलगडा माणसाच्या आजारातून झाला. मारक पंडुरोगाचे रोगी यकृत खाल्ल्याने सुधारतात, हे 1926 मध्ये मायनट आणि मर्फी यांनी दाखवले होते. यकृतातील तो गुणकारी पदार्थ, म्हणजे ब-12 जीवनसत्त्व, 1948 मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आला. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू आहे. वजनाने पाहिले तर ते जेमतेम सव्वाचार टक्के भरते. 1951 मध्ये कोबाल्टअभावी खंगलेली कोकरे ब-12 टोचून बरी करण्यात आली. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोटीपोटातील जिवाणू कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व बनवतात. रक्तात सोडलेले कोबाल्ट या जिवाणूंपर्यंत पुरेसे पोहोचतच नव्हते.

शेळीही रवंथ करणारी, त्यामुळे तिलाही हाच न्याय लागू आहे. आपल्याकडील खनिज मिश्रणाच्या पिशवीवर म्हणूनच कोबाल्टचे नाव छापलेले आढळते. तथापि ‘थोडे जास्त दिले तर बरे’ हे येथे चालत नाही. त्याच पिशवीतील तांबे गाईला सोसते, शेळीलाही बऱ्यापैकी सोसते, पण मेंढीच्या यकृतात साठत जाऊन एके दिवशी तिचा जीव घेते. गोठ्यातली पिशवी मेंढवाड्यात नेण्यापूर्वी हे पाहिलेले बरे.

दूरच्या कुरणांवरील मेंढ्यांना रोज कोबाल्ट कोण देणार? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1950 नंतरच्या दशकात कोबाल्ट ऑक्साइडची जड गोळी तयार केली. ती गिळली की जाळीपोटात बसून राहते आणि हळूहळू झिजते. पुढे काही मेंढ्यांत या गोळीवर कॅल्शियमच्या क्षाराचे कवच चढून ती निकामी होऊ लागली. तेव्हा गोळीबरोबर पोलादाचा एक लहानसा स्क्रू गिळवण्यात येऊ लागला. दोन्ही एकमेकांवर घासत राहतात आणि कवच खरवडले जाते.