प्राङ्न्याय आणि बंदिवानाची फिर्याद

एकदां हरलेला वादी पुन्हां राजद्वारीं आला, तर त्याचें ऐकावें कीं त्याला उंबरठ्यावरूनच परत लावावें, हा प्रश्न व्यवहारशास्त्राइतकाच जुना आहे.

स्मृतिकारांनीं प्रतिवादीचीं उत्तरें चार प्रकारचीं मानलीं आहेत: मिथ्या, संप्रतिपत्ति, प्रत्यवस्कंदन व प्राङ्न्याय. ‘या वादाचा निकाल पूर्वींच झाला असून वादी त्यांत हरला आहे’ असें सांगणें म्हणजे प्राङ्न्याय. आपल्या संग्रहांतील निवाडपत्रें घराण्यांनीं जपलीं तीं याच उत्तराच्या आधारासाठीं.

पुनर्वादाविषयीं मात्र स्मृतींत एकवाक्यता नाहीं. धर्मानें लागलेला निकाल फिरवूं नये, असें मनु म्हणतो. निकाल अधर्मानें झाला असें ज्यास वाटेल त्यानें दुप्पट दंड पत्करून वाद पुन्हां उभा करावा, असें नारद सांगतो. याज्ञवल्क्याच्या मतें न्यायानें हरूनहि जो पराजय मानीत नाहीं, त्यास पुन्हां जिंकावें व नंतर दुप्पट दंड करावा. म्हणजे मनु दार लावतो, नारद दाराशींच दंडाची कबुली घेतो आणि याज्ञवल्क्य आधीं ऐकतो.

आतां अमेरिकेंतील व्यवस्था पाहूं. निर्धनास शुल्काची आगाऊ भरणा न करितां संघीय न्यायालयांत दावा लावण्याची सवलत तेथें १८९२ च्या कायद्यानें मिळाली. बंदिवानांच्या दाव्यांची संख्या फार वाढल्यामुळें १९९६ सालीं तीस मर्यादा घालण्यांत आली: ज्या बंदिवानाचे तीन दावे वा अपिलें निरर्थक, द्वेषमूलक अथवा दाव्यास कारण न दाखविणारीं म्हणून निकालांत निघालीं असतील, त्यानें पुढील दिवाणी दाव्याचें संपूर्ण शुल्क प्रारंभींच भरावें. गंभीर शारीरिक इजेचा धोका तत्काळ असेल तरच अपवाद.

कोलोरॅडो राज्यांतील एका बंदिवानाचें प्रकरण या नियमावर अडलें. पूर्वींचे तीन दावे फेटाळले गेल्यानें त्यास सवलत नाकारली गेली. पुन्हां दावा लावण्याची मुभा ठेवून झालेला निकाल गणनेंत धरूं नये, असें त्याचें म्हणणें. तोहि धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ८ जून २०२० रोजीं दिला. निकालपत्र न्यायमूर्ति एलेना केगन यांचें आहे. नव्या तक्रारींत तथ्य किती, हा प्रश्न त्या निर्णयांत आलाच नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. प्राङ्न्याय वादास चिकटतो. हा नियम माणसास चिकटतो. स्मृतिकारांचा दंड त्याच वादाच्या पुनरुक्तीबद्दल आहे. येथें जुन्या वादांचें ओझें सर्वस्वीं नव्या वादावर पडतें. महाराष्ट्रानें १९७१ सालीं केलेला त्रासदायक दाव्यांविषयींचा कायदाहि माणसाकडेच पाहतो. परंतु त्यांत महाधिवक्त्याच्या अर्जावरून उच्च न्यायालय त्या माणसाचें ऐकून आज्ञा करतें, आणि पुढें प्रथमदर्शनीं आधार दिसल्यास नव्या दाव्यास परवानगी मिळूं शकते.

खोट्या फिर्यादींच्या गर्दींत खरी फिर्याद खोळंबते, हें सत्य आहे. म्हणून आळा हवाच. तथापि ज्याच्याजवळ द्रव्य नाहीं व ज्याचे दिवस कोठडींत जातात, त्यास शुल्क हेंच कुलूप होतें. अशा स्थळीं याज्ञवल्क्याचा क्रमच मला अधिक न्याय्य वाटतो: आधीं श्रवण, मग दंड.